टोपी घातलेलं जनावर

रांगणं हे कोणाच्या पोटापाण्याचं काम असू शकतं, हे सांगूनही खरं वाटत नाही. पण टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर वन्यप्राणी मोजणाऱ्या संस्थेचं ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसातला एक माणूस गेली एकोणीस वर्षं पगार घेऊन रांगत होता. जंगलात झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधायचा. समोरून गरम अंगाचं काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. पण काढतो की नाही, हे आधी तपासावं लागतं, आणि माणूस ताठ मानेने चालत गेला तर कॅमेऱ्याला काय कळणार, साळिंदर केवढं असतं ते? म्हणून आधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरायची. पाटीवर खडूने नंबर आणि तारीख. मग टोपी काढून खिशात घालायची आणि हातापायांवर रांगत एकदा डावीकडून उजवीकडे जायचं, एकदा उजवीकडून डावीकडे. कॅमेरे साठ. दर महिन्याला प्रत्येकाची बॅटरी बदलायची आणि प्रत्येकासमोर दोनदा रांगायचं.

नव्याने लागलेले लोक नुसते कंबरेत वाकून जायचे. त्यावर हा म्हातारा मान हलवायचा. "जनावर वाकून चालत नाही. जनावराला कंबरदुखी नसते," तो म्हणायचा. साळिंदराचं रांगणं वेगळं, डुकराचं वेगळं, आणि बिबट्याचं करायचं तर खांदे आधी हलले पाहिजेत, हे तो इतक्या गंभीरपणे समजावायचा की ऐकणाऱ्याला हसू आवरत नसे. टोपी का काढायची, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "टोपी घातलेलं जनावर मी तरी अजून बघितलेलं नाही."

ऑफिसात त्याला कासव म्हणत. तोंडावर कासवकाका. त्याचा त्याला राग यायचा नाही. त्याला राग कशाचाच यायचा नाही, आणि अशा माणसांना जग कसं वागवतं ते वेगळं सांगायला नको.

त्याच ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई फोटो बघायला बसायची. काम सांगायला सोपं, करायला डोळे फोडणारं. महिन्याला तीस-चाळीस हजार फोटो, त्यातली पंचवीस हजार नुसती उन्हात तापून हललेली पानं. उरलेल्यांत ससे, कोल्हे, डुकरं, आणि नशीब उघडलं तर बिबट्या. प्रत्येक फोटोला शिक्का द्यायचा: पान, प्राणी, माणूस किंवा टेस्ट. टेस्टचा शिक्का बसला की फोटो पडद्यावरून नाहीसा व्हायचा. रांगणाऱ्या माणसाला मोजणीत कोण धरणार?

ही बाई म्हणजे त्याची मुलगी. एकुलती एक. आणि हे त्या दोघांखेरीज ऑफिसात कुणालाही ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या अर्जात एक रकाना होता: संस्थेत कोणी नातेवाईक आहे का? असेल तर अर्ज केराच्या टोपलीत, असा नियम. तिने बेधडक लिहिलं, नाही. तिचं लग्न दीड वर्षात मोडलं होतं, पण नवऱ्याचं आडनाव तिने ठेवलं होतं. त्याच्याकडून मिळालेल्यांपैकी तेवढी एकच गोष्ट कामाला आली. बापाला हे सांगताना ती जरा अडखळली. तो मात्र खूश झाला. "बरोबर केलंस, खडू," तो म्हणाला. लहानपणी त्याच्या पिशवीतले पाटीवरचे खडू ती खायची, तेव्हापासून घरात तिचं हेच नाव. "ऑफिसात मी तुला मॅडमच म्हणणार. आत्तापासून सवय करतो. मॅडम, चहा घेता का?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो ठसका लागेपर्यंत हसला. तिला हसू आलं नाही.

ती ऑफिसमागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची. बाप जंगलाच्या कडेला संस्थेने दिलेल्या दोन खोल्यांत. दर रविवारी ती त्याच्याकडे जायची, पण एक स्टॉप अलीकडे उतरून, पुढचं चालत. कोणी बघायला नको.

पहिले तीन महिने ऑफिसात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. तिथला खरा राजा नकाशेवाला. तो कॅमेऱ्यांच्या जागांचे नकाशे करायचा आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक वेळ, लोकांची खिल्ली उडवायचा. त्याने कॉम्प्युटरवर "कासव" नावाचा एक फोल्डर केला होता. त्यात म्हाताऱ्याचे रांगतानाचे निवडक फोटो: बूड वर, जीभ बाहेर, चिखलात कोपरापर्यंत रुतलेले हात. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. "चहाचा वास आला की बिळातून बाहेर येतो." "या प्राण्याची शेपटी निवृत्तीच्या वेळी गळते." दुपारी डबे खाताना सगळे तो फोल्डर बघायचे आणि पोट धरून हसायचे. ती एकटी खिडकीपाशी बसून तिचा डबा खायची.

चौथ्या महिन्यात एक दिवस नकाशेवाल्याने नवा फोटो लावला आणि म्हणाला, "याला काही सुचत नाहीये बुवा. कोणी सांगेल का?" ती आपल्या जागेवरून म्हणाली, "वयस्क नर. एकटाच राहतो. पिल्लं ओळख देत नाहीत."

त्यावर असा हशा उठला की खालून टायरवाला विचारायला वर आला. नकाशेवाल्याने डोळे पुसत तिला खुर्ची ओढून दिली. त्या दिवसापासून तिचा डबा सगळ्यांबरोबर. तिला आपली लाज वाटली का? वाटली ना. पण तीन महिने एकटीने जेवलेल्या माणसाला लाजेपेक्षा शेजार बरा वाटतो, आणि तिलाही तो बरा वाटला. त्यानंतरच्या सगळ्या ओळी तिनेच लिहिल्या. बापाला तिच्याइतकं ओळखणारं दुसरं होतंच कोण?

एकदाच तिची जीभ घसरली. पावसाळी हवा होती, म्हातारा ठरलेल्या वेळेला जंगलातून परतला नव्हता, आणि ती सारखी उठून रस्ता बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, गाडी पाठवायची का? खूप उशीर झालाय." साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काय हो, एवढी काळजी? नातेवाईक आहेत का तुमचे?" त्यांनी थट्टाच केली होती. पण ती झटकन जागेवर येऊन बसली. तेवढ्यात म्हातारा जिना चढून आला, अंगभर चिखल, आणि म्हणाला, "मॅडम, गाडी रुतली होती." ती मान खाली घालून फोटो बघायला लागली, आणि पुन्हा कधी बापाचा उशीर मोजायचा नाही असं तिने ठरवून टाकलं.

आता तो बुधवार.

त्या दिवशी परदेशातल्या एका मोठ्या संस्थेची माणसं ऑफिस बघायला येणार होती. त्यांचं मन भरलं तर पुढची पाच वर्षं काम चालणार होतं, आणि फोटोवाल्या मॅडमना कायम करायचं की नाही तेही त्यावरच ठरणार होतं. साहेबांनी तिला तसं आदल्या दिवशी बोलावून सांगितलं. "उद्या सगळं तुमच्या हातात. लाइव्ह दाखवू या त्यांना." साठातल्या चार कॅमेऱ्यांत सिमकार्ड होतं. जंगलाच्या कडेचे ते चार, जिथे टेकाडावर रेंज पकडायची. त्यांनी काढलेला फोटो मिनिटाभरात ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यायचा आणि टिंग असा आवाज व्हायचा.

म्हाताऱ्याला ड्रायव्हरने सकाळी आठला जंगलात सोडलं होतं. दुपारी बाराला न्यायला यायचं ठरलं होतं. पण पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला, मग जेवायला न्यायला जीप लागणार, म्हणून साहेबांनी ड्रायव्हरला परस्पर वळवलं. म्हाताऱ्याचा फोन जीपमध्येच चार्जिंगला लावलेला. तोही पाहुण्यांबरोबर गावभर फिरला.

पावणेबाराला पाहुणे पडद्यासमोर बसले. तिने कोल्हा दाखवला, रानडुकरांची रांग दाखवली, तोंडात ससा धरलेला बिबट्या दाखवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब सुपारीएवढे होते ते भोपळ्याएवढे झाले. आणि तेवढ्यात टिंग. कॅमेरा एक्केचाळीस.

फोटोत गवत होतं आणि त्यात एक माणूस चार पायांवर.

"हा आमचा सगळ्यात जुना प्राणी," साहेब म्हणाले, आणि पाटी, रांगणं, उंची, सगळं समजावून सांगितलं. पाहुणे हसले. नकाशेवाल्याला तर चेवच आला. टिंग. दुसरा फोटो. टिंग. तिसरा. "आज काका फारच मन लावून काम करतायत," तो म्हणाला.

तिला पहिल्याच फोटोत दिसलं होतं. पाटी कुठेच नव्हती. म्हातारा ओढ्याच्या बाजूने आला होता, तिथून तो कधी येत नाही. त्याचा उजवा पाय रांगत नव्हता, नुसता मागून ओढला जात होता, आणि पायामागून आणखी काहीतरी ओढलं जात होतं, दोरीसारखं. आणि डोक्यावर टोपी होती. एकोणीस वर्षांत एकाही टेस्टच्या फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

टिंग. चौथ्या फोटोत त्याने कॅमेऱ्यासमोर हात उभा धरला होता. पंजा पडद्यावर एवढा मोठा, की तळव्यावरची माती मोजून घ्यावी.

"आपल्याला हात करतोय!" एक पाहुणी म्हणाली, आणि तिने गंमत म्हणून उलटा हात केला. मग सगळ्यांनीच केला.

पाचव्या फोटोला साहेबांचा चेहरा थोडा बदलला. ते काही अगदीच दगड नव्हते. त्यांनी वळून तिला विचारलं, "मॅडम, ही टेस्टच ना?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. फोटोत काय आहे ते ठरवण्याचा मान तिचा, शब्द तिचा. "नाही सर, काहीतरी झालंय," एवढंच म्हणायचं होतं. त्याला नातं लागत नव्हतं, नुसते डोळे पुरले असते. पण तिला आपल्या आवाजाचा भरवसा नव्हता. तोंड उघडलं तर त्यातून "बाबा" बाहेर पडेल, आणि मग अर्जातला रकाना, आडनाव, खिडकीजवळचं टेबल, डब्याची पंगत, सगळं त्या एका शब्दामागून निघून जाईल, या भीतीने ती पडद्याकडेच बघत राहिली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिला त्याचा संताप आला. आजच? आजच बरा मुहूर्त मिळाला यांना?

"हो सर," ती म्हणाली. "टेस्टच आहे."

तिने शिक्का दाबला. पंजा पडद्यावरून गेला.

"मग त्या एक्केचाळीसचा आवाज जरा बंद करा ना," साहेब म्हणाले, "बोलू देत नाहीये." तिने तोही बंद केला. बिबट्या पुन्हा लावला.

ते जेवायला गेल्यावर तिने चोरून पाहिलं. एक्केचाळीसकडून त्रेसष्ट फोटो आले होते. शेवटचा एक वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर काही नाही. तिने स्वतःला समजावलं की म्हणजे तो उठून गेला असणार, ड्रायव्हर पोचला असणार. न हलणाऱ्या गोष्टीचा फोटो कॅमेरा काढत नाही, हे त्या ऑफिसात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्रेसष्टही फोटो तिने एका दमात निवडले आणि टेस्टचा शिक्का दिला. पाहुणे परत आले तेव्हा ती हसतमुखाने उभी होती.

ड्रायव्हर साडेचारला पोचला. म्हातारा एक्केचाळीसच्या झाडाखाली पडला होता. डुकरांसाठी कोणीतरी चोरून लावलेल्या तारेच्या फासात त्याचा पाय गेला होता. खुंटी उपटून, तार आणि खुंटी ओढत तो तिथवर आला होता, आणि तार घोट्यात इतकी रुतली होती की बोटाने सुटेना. डॉक्टरांनी रात्रीच पाय गुडघ्याखालून काढला. दोन-तीन तास आधी तार कापली असती तर पाय राहिला असता, असं ते म्हणाले, आणि ड्रायव्हरने ते गुरुवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. नकाशेवाल्याने कोणाशी न बोलता "कासव" फोल्डर पुसून टाकला. ती दिवसभर पानांना शिक्के देत बसली.

शुक्रवारी तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. पाहुण्यांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

शनिवारी सगळे मिळून दवाखान्यात गेले. ती गुरुवारी संध्याकाळी एकटी जाऊन आली होती, पण तेव्हा तो गुंगीत होता. आज तो उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट. खाटेच्या कडेला त्याची टोपी अडकवलेली, कोणीतरी धुतलेली. साहेबांनी फळांची पिशवी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला.

"बसा, बसा," तोच म्हणाला, जसं काही ते त्याच्या घरी आले होते. तिच्याकडे बघून त्याने मान लववली. "या मॅडम."

मग न विचारताच सांगायला लागला. गेले तीन दिवस त्याचं ऐकायला कोणी मिळालं नव्हतं. "फास बसला तिथून डावीकडे रस्ता होता, सर. दुधाची गाडी जाते त्या रस्त्याने. तेवढंच अंतर, कमीच थोडं. पण मी म्हटलं, गाडी आली आली, नाही आली नाही आली. कॅमेऱ्याकडे जाऊ. तिकडे माणूस बसलेलं असतं." तो हसला. "टोपी पडली होती फासापाशी. परत जाऊन आणली बघा. मुद्दाम घातली. पाटी तर नव्हती जवळ. म्हटलं, टोपी दिसली की फोटो बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. जनावराला टोपी नसते."

साहेब फळांच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले.

"हात पण दाखवला. मग थांबलो. आता येतील, आता येतील." त्याचा आवाज जरा उतरला, आणि मग त्याने स्वतःच तो सावरला. "नंतर लक्षात आलं माझ्या. त्या दिवशी मॅडम सुटीवर असतील."

ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्याने वाट मोकळी करून दिली होती, त्याने आयुष्यभर दुसरं केलं काय? तिने तोंड उघडलं. पण ज्याचं मन त्याला खातं त्याला गप्प बसवत नाही, आणि तीन दिवस नकाशेवाल्याला त्याचं मन खात होतं.

"सुटीवर नव्हत्या हो काका," तो म्हणाला. "मॅडमच होत्या. आम्ही सगळेच होतो. आम्हाला वाटलं, टेस्ट... मॅडमना विचारलं पण सरांनी. आम्ही हसलो हो काका. माफ करा."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. फार वेळ नाही. पाटीवरचा नंबर बरोबर आहे ना, हे बघावं इतकाच वेळ.

"असं होय," तो म्हणाला. "फोटो धूसर येतात तिथले. गवत वाढलंय. मॅडमचा काय दोष?"

नंतर साहेबांनी निवृत्तीच्या कागदांचं काय काय ते सांगितलं आणि सगळे उठले. ती औषधाच्या दुकानात जायचं निमित्त सांगून मागे राहिली. जिन्यावरचे आवाज विरले तशी ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

"बाबा," ती म्हणाली.

त्याने खिडकीकडे मान केली होती. "मॅडम, उशीर होईल तुम्हाला."

"बाबा, सगळे गेले. कोणी नाहीये इथे."

"बस सहाची आहे शेवटची," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. ऑफिसात रोज वापरायचा तोच आवाज, नरम, अदबीचा. तो तिने कधी नीट ऐकलाच नव्हता. तिला रडू फुटलं. त्याने ते बघितलं, बाजूच्या टेबलावरचा रुमाल तिच्या बाजूला सरकवला, जसा कोणाही परक्या बाईला सरकवावा, आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

तेवढ्यात नर्स आली, हातात पाटी, पाटीला कागद लावलेला. "काका, उद्या जखम पुन्हा साफ करायची आहे. भूल द्यावी लागेल. नातेवाईकाची सही हवी." तिने स्टुलावरच्या बाईकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

ती ताडकन उठली आणि पेनासाठी हात पुढे केला. या वेळी तिच्या तोंडातून शब्द निघणारच होता. पण म्हातारा आधी बोलला.

"त्या ऑफिसच्या मॅडम आहेत. भेटायला आल्यात," तो म्हणाला. "नातेवाईक कोणी नाही. आणा इकडे, मीच करतो."

नर्सने पेन त्याच्या हातात दिलं. त्याने कागद मांडीवर घेतला, सगळे रकाने सावकाश वाचून काढले, आणि नातेवाईकाच्या रकान्यात, पाटीवर नंबर लिहायचा तशा ठळक अक्षरात, नाही असं लिहिलं.